पत्त्यातील रेषा : संगणकाचा पत्ता आणि सबनेट कॅल्क्युलेटर

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी मी आजवर इतिहासावरच लिहीत आलो. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, येवल्याची घोषणा हे माझे नेहमीचे विषय. या वेळी मात्र संपादक मंडळाने विज्ञान विभागासाठी लेख मागितला, आणि गेल्या वर्षी आपल्या संगणक कक्षात घडलेला एक प्रसंग मला आठवला. त्या प्रसंगाने इतिहासाच्या या शिक्षकाला पन्नाशीनंतर पुन्हा विद्यार्थी केले. त्या दिवशी जे शिकलो, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवत आहे. गणिताची भीती बाळगू नये. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हे समजेल.

प्रसंग असा. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून दहा संगणक आले. कक्षात आधीचे वीस होतेच. त्यांचे क्रमांक १९२.१६८.१.२१ पासून १९२.१६८.१.४० पर्यंत. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५०, आणि इंटरनेटच्या राउटरचा १९२.१६८.१.१. नव्या संगणकांची ओळख वेगळी राहावी म्हणून आम्ही त्यांना ६१ पासून क्रमांक द्यायचे ठरवले. जुन्या संगणकांवरची बाकीची माहिती पाहून तशीच नव्यांवर भरली. ६१ आणि ६२ व्यवस्थित चालले. ६३ हा आकडा संगणकाने घेतलाच नाही. ६४ ही घेतला नाही. ‘हे आकडे खराब दिसतात’ असे म्हणून आम्ही ते सोडले आणि ६५ ते ७२ असे पुढचे आठ आकडे भरले. ते भरताना पडद्यावर एक इशारा येत होता. आम्ही तो न वाचताच ‘होय’ दाबत गेलो.

मग गंमत सुरू झाली. हे आठ संगणक एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या फाइली पाहत होते. पण त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच स्विचला जोडलेला प्रिंटर त्यांना सापडत नव्हता. इंटरनेटही नव्हते. वायर बदलून पाहिल्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू केले; काही उपयोग झाला नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत दोन दिवसांवर होती आणि दाराशी मुलामुलींची रांग लागली होती. तंत्रज्ञ चार दिवसांनी येणार होता. मी म्हणालो, “आता थांबू या. हे आपले काम नाही.” रांगेतली नववीची एक विद्यार्थिनी सहज बोलून गेली, “सर, मग ते कोणाचे काम असते?”

या प्रश्नाने मी खजील झालो. ‘हे ज्ञान तुमचे नव्हे’ हे वाक्य आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ऐकले, आणि इथे मीच ते माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवीत होतो. मी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघेही शोधायला बसलो.

पत्ता म्हणजे काय?

संगणकाचा पत्ता समजण्यासाठी आधी आपला टपालाचा पत्ता पाहू. आपल्या नांदगावचा पिन कोड ४२३१०६. मनमाडचा ४२३१०४. शेजारच्या कोपरगावचा ४२३६०१. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली, आणि तिचे जनक होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातील एक मराठी अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. पिनच्या सहा अंकांपैकी पहिले तीन अंक टपालाची छाननी कोणत्या विभागात होणार ते सांगतात आणि शेवटचे तीन त्या विभागातील नेमके टपाल कार्यालय. म्हणून नांदगाव, मनमाड आणि कोपरगाव या तिघांचीही सुरुवात ४२३ ने होते. कोपरगाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तरी टपालाच्या हिशेबात ते आपल्याच गटात येते.

म्हणजे एका पत्त्याचे दोन भाग झाले : गटाचा भाग आणि घराचा भाग. पिन कोडमध्ये या दोन भागांमधली रेषा कायम तिसऱ्या अंकानंतर असते. ती कोणाला विचारावी लागत नाही.

संगणकाचा पत्ता, ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात, तोही असाच दोन भागांचा असतो. चार आकडे, मध्ये टिंबे. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. एक भाग सांगतो की हे यंत्र कोणत्या जाळ्यातले, आणि दुसरा सांगतो की त्या जाळ्यातले कितवे. पिन कोडपेक्षा येथे एकच वेगळेपण आहे, आणि आमच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तेच होते : येथे रेषेची जागा ठरलेली नाही. १९२.१६८.१.६५ या आकड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी गट कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होते ते दिसत नाही. ते सांगण्यासाठी प्रत्येक यंत्रात दुसरा एक आकडा भरलेला असतो. त्याला सबनेट मास्क म्हणतात. मास्क हे रेषेचे नाव समजा.

रेषेचा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला लगेच प्रश्न पडला, ही रेषा सरकती का ठेवली? शोधल्यावर उत्तर मिळाले, आणि ते मोठे बोलके आहे.

१९८१ साली जेव्हा या पत्त्यांचे नियम निश्चित झाले, तेव्हा पत्त्यांचे वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गातील जाळ्याला १,६७,७७,२१६ पत्ते, दुसऱ्या वर्गाला ६५,५३६ आणि तिसऱ्याला अवघे २५६. मधले काही नाही. एखाद्या संस्थेला दोन हजार पत्ते हवे असतील तर तिसरा वर्ग अपुरा, म्हणून दुसऱ्या वर्गाचे संपूर्ण जाळे तिच्या नावे. साठ हजारांहून अधिक पत्ते पडीक. आधी आलेल्यांना अवाढव्य जमिनी मिळाल्या, मागाहून येणाऱ्यांसाठी तुकडे उरू लागले. १९८५ मध्ये आपल्या जाळ्याचे आतल्या आत लहान भाग पाडण्याची, म्हणजे सबनेटची, पद्धत नियमबद्ध झाली. आणि १९९३ मध्ये वर्गांची ही चौकटच मोडीत काढण्यात आली. नव्या पद्धतीच्या नावातच ‘वर्गविरहित’ हा शब्द आहे. ज्याला जेवढी गरज, त्या मापाने रेषा ओढायची, असा नियम झाला. हे वाचताना माझ्या चेहऱ्यावर हसू आले, हे कबूल करतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पिन कोडच्याच तारखेला, तेवीस वर्षांनी. म्हणजे आपण या जाळ्यात आलो तेव्हा वर्ग संपलेले होते. पण एकूण पत्ते मर्यादितच होते : ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आता सहाव्या आवृत्तीचे, पुष्कळच लांब पत्ते वापरात येत आहेत. आपल्या घरांत आणि शाळांत मात्र अजून प्रामुख्याने चार आकड्यांचाच पत्ता दिसतो.

कॅल्क्युलेटरने काय दाखवले?

पत्ता आणि मास्क दिला की रेषा नेमकी कुठे आहे हे सांगणारे साधन म्हणजे सबनेट कॅल्क्युलेटर. ते मोबाईलवरही विनामूल्य मिळते. आमच्या नव्या संगणकात मास्क होता २५५.२५५.२५५.१९२. काही कॅल्क्युलेटरमध्ये तो ‘/२६’ असा निवडावा लागतो. दोन्हींचा अर्थ एकच. मोबाईलवर आम्ही आधी प्रिंटरचा पत्ता भरला : १९२.१६८.१.५०. उत्तर आले :

जाळ्याचा पत्ता – १९२.१६८.१.०
वापरता येणारे पत्ते – १९२.१६८.१.१ ते १९२.१६८.१.६२
ब्रॉडकास्ट पत्ता – १९२.१६८.१.६३

मग नव्या संगणकाचा पत्ता भरला : १९२.१६८.१.६५. उत्तर :

जाळ्याचा पत्ता – १९२.१६८.१.६४
वापरता येणारे पत्ते – १९२.१६८.१.६५ ते १९२.१६८.१.१२६
ब्रॉडकास्ट पत्ता – १९२.१६८.१.१२७

ती विद्यार्थिनी जवळजवळ ओरडलीच, “सर, ६३ आणि ६४! तेच दोन आकडे!”

ज्यांना आम्ही खराब आकडे समजलो होतो, ते दोन जाळ्यांच्या शिवेवरचे दगड होते. प्रत्येक जाळ्यातला पहिला पत्ता हा जाळ्याचे स्वतःचे नाव असतो, आणि शेवटचा पत्ता सर्वांना एकदम पुकारण्यासाठी राखलेला असतो, गावातल्या दवंडीसारखा. म्हणून हे दोन पत्ते सहसा कोणत्याही एका यंत्राला देता येत नाहीत. संगणकाने ते नाकारले तेव्हाच तो आम्हाला सांगत होता की येथे एक शीव आहे. आम्ही ऐकले नाही.

६५ पासून पुढचे आठ संगणक त्या शिवेच्या पलीकडे गेले होते. ते एकमेकांशी बोलत होते, कारण ते आठही एकाच जाळ्यात होते. प्रिंटर आणि राउटर मात्र अलीकडच्या जाळ्यात. टेबल एक, स्विच एक, वायर तशीच. पण यंत्रांच्या हिशेबात ते दोन वेगळी गावे झाले होते.

येथे रेल्वेचे उदाहरण उपयोगी पडेल. नांदगावातल्या नांदगावात जायचे तर आपण चालत जातो. पण छत्रपती संभाजीनगरला रेल्वेने जायचे तर आधी स्टेशन गाठावे लागते आणि मनमाडला गाडी बदलावी लागते. संगणकही तसेच वागतो. समोरचा पत्ता आपल्याच जाळ्यातला असेल तर तो थेट जातो. बाहेरचा असेल तर तो आपल्या स्टेशनाकडे, म्हणजे गेटवेकडे जातो. आमच्या आठ संगणकांना जे स्टेशन सांगितले होते, १९२.१६८.१.१, ते शिवेपलीकडेच होते. स्टेशनला पोहोचायलाच गाडी हवी, अशी अवस्था! पडद्यावरचा तो इशारा नेमके हेच सांगत होता.

हाताने पडताळा

कॅल्क्युलेटरने सांगितले म्हणून मानू नये, असे मी मुलांना सांगितले. तथागतांच्या धम्माचे एक लक्षणच ‘एहिपस्सिको’ आहे, ये आणि स्वतः पाहा. म्हणून फळ्यावर पडताळा घेतला.

सोपी रीत अशी. २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा. २५६ वजा १९२ म्हणजे ६४. याचा अर्थ दर ६४ आकड्यांचा एक गट : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. पन्नास पहिल्या गटात, पासष्ट दुसऱ्या गटात. ६४ मधून पहिला आणि शेवटचा पत्ता वजा केला की वापरायला उरतात ६२. मास्कचे पहिले तीन आकडे २५५ असतील, तेव्हा ही रीत चालते.

संगणकाची स्वतःची रीत थोडी वेगळी, पण तीही कठीण नाही. तो प्रत्येक आकडा आठ दिव्यांच्या ओळीसारखा लिहितो. दिव्यांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पेटलेला दिवा १, विझलेला ०. ६५ म्हणजे ६४ अधिक १, म्हणून ०१०००००१. मास्कचा १९२ म्हणजे १२८ अधिक ६४, म्हणून ११००००००. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा. जेथे दोन्हीकडे दिवा पेटलेला असेल तेथेच १ ठेवा. उत्तर येते ०१००००००, म्हणजे ६४. हाच जाळ्याचा पत्ता. पन्नाससाठी हेच करा : ००११००१० आणि ११०००००० यांत एकही दिवा दोन्हीकडे पेटलेला नाही. उत्तर शून्य. ६४ आणि ० वेगळे, म्हणून जाळी वेगळी. कॅल्क्युलेटर याहून अधिक काही करत नाही. फक्त झटपट करतो.

वाचकांनी घरी एक उदाहरण सोडवून पाहावे. पत्ता १९२.१६८.१.१००, मास्क २५५.२५५.२५५.२२४. २५६ वजा २२४ म्हणजे ३२. बत्तीसच्या पाढ्यात शंभरच्या अलीकडचा आकडा ९६, पुढचा १२८. म्हणून जाळ्याचा पत्ता ९६, ब्रॉडकास्ट १२७, वापरण्याजोगे ९७ ते १२६, एकूण तीस. आता कॅल्क्युलेटरमध्ये भरून ताळा घ्यावा.

रेषा बदलली

आता उपाय. वीस संगणकांची मांडणी झाली तेव्हा ६२ पत्ते भरपूर होते. रेषा तेव्हा चुकीची नव्हती. आपली गरज वाढली आणि ती रेषा जुनी झाली. आम्ही मास्क २५५.२५५.२५५.० करायचे ठरवले. २५६ वजा शून्य म्हणजे संपूर्ण २५६ चा एकच गट, वापरायला २५४ पत्ते.

पहिल्यांदा फक्त आठ नव्या संगणकांवर मास्क बदलला. तरी छपाई होईना. कारण आठ संगणकांना आता प्रिंटर आपल्या गावचा वाटत होता, पण प्रिंटरच्या आतली रेषा जुनीच होती. त्याला हे आठ अजून परके होते, आणि परक्याला उत्तर देण्यासाठी लागणारा गेटवेही त्याच्यात भरलेला नव्हता. हाक पोहोचत होती, उत्तर येत नव्हते. राउटर, प्रिंटर आणि जुने वीस संगणक, सगळीकडे मास्क बदलला तेव्हा पहिला कागद बाहेर आला. रेषा एकाच बाजूने पुसून भागत नाही, हे माझ्यातल्या इतिहासाच्या शिक्षकाला नव्याने कळले. सोडून दिलेले ६३ आणि ६४ हे आकडेही आता साधे पत्ते झाले होते. त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत अर्ज भरणे चालले आणि रांगेतला एकही विद्यार्थी परत गेला नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. आपल्या घरच्या वायफायवरही बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, आणि तसाच पत्ता शेजारच्या घरातही असेल. घाबरू नये. १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ हे तीन पट्टे घरातल्या वापरासाठी राखलेले आहेत. प्रत्येक वसतिगृहात ‘खोली क्रमांक ५’ असू शकते, तसेच हे. बाहेरच्या जगात घराचा एक सार्वजनिक पत्ता असतो आणि राउटर दोन्हींची सांगड घालतो. एकाच घरात मात्र दोन यंत्रांना एकच पत्ता देऊ नये, दोन्ही अडखळतात. मोबाईलमधल्या वायफायच्या तपशिलात आपला पत्ता, मास्क आणि गेटवे पाहता येतो. तो एकदा पाहावा.

शेवटी

आपल्या नांदगाव तालुक्यातच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. रेल्वे एक, स्टेशन एक. पण कोणाला गँगमनच्या कामापुढे जाऊ द्यायचे नाही, याची एक न दिसणारी रेषा होती. गावातही पत्त्यावरूनच माणसाची जात सांगितली जाई. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, यावरून ती रेषा किती काळ टिकली हे कळते.

संगणकाच्या जाळ्यातली रेषा त्या जातीची नाही. तेथे ६५ हा ५० पेक्षा श्रेष्ठही नाही आणि हीनही नाही. ती व्यवस्थेच्या सोयीसाठी असते, हिशेबाने काढता येते आणि गरज बदलली की बदलता येते. मात्र ती दिसत नाही, म्हणून ती माहीत नसलेला माणूस सोसत राहतो आणि दोष वायरला देतो. ती कुठे आहे हे विचारायला शिकणे, आणि मग स्वतः मोजून पाहणे, एवढे जरी आपल्या मुलामुलींनी या विद्यालयातून नेले, तरी देणगीतून आलेल्या त्या दहा संगणकांचे चीज झाले असे मी म्हणेन.

संगणक कक्षाच्या भिंतीवर आता एक तक्ता लावला आहे : कोणत्या यंत्राचा कोणता पत्ता, कोणता मास्क, कोणता गेटवे. तो त्याच विद्यार्थिनीच्या अक्षरात आहे. तक्त्याच्या तळाशी तिने ६३ आणि ६४ हे दोन आकडे लाल शाईने लिहून ठेवले आहेत.

नमो बुद्धाय. जय भीम.